तुमचं मी वाचतो, माझं तुम्ही वाचा

आमच्या तालुक्याच्या गावात कवींचा एक गट आहे. महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी सार्वजनिक वाचनालयाच्या माडीवर तो जमतो. प्रत्येकानं नवी कविता वाचायची, बाकीच्यांनी अभिप्राय द्यायचा, मग चहा. गट चालवतात हायस्कुलात मराठी शिकवणारे एक सर. यंदा गटानं प्रातिनिधिक कवितासंग्रह काढायचं ठरवलं. चाळीस कवी, प्रत्येकी पंधराशे रुपये, बदल्यात दहा-दहा प्रती. प्रकाशनाला सभागृह हवं म्हणून सर अर्ज घेऊन आले. वाचनालयाच्या निवृत्त ग्रंथपाल बाई अजूनही संध्याकाळी देवघेवीच्या टेबलाशी येऊन बसतात. मी कार्यकारी मंडळावर असल्यानं अर्ज माझ्याकडे आला आणि वाद माझ्यादेखत झाला. अर्जाचा निकाल पाच मिनिटांत लागला, वाद दिवेलागणीपर्यंत चालला. तो थोडा आवरून इथं देतो.

बाई : सभागृह घ्या, भाडंही देऊ नका. पण एक विचारते. पाचशे प्रती छापणार, त्यांतल्या चारशे कवींच्याच घरी जाणार. राहिलेल्या शंभर कुणासाठी?

सर : शाळांना, वाचनालयांना, वर्तमानपत्रांना. आणि कवींच्या प्रती काय माळ्यावर जातात? सोयरेधायरे, ऑफिसातले लोक, शेजारीपाजारी, सगळ्यांना वाटतात.

बाई : वाटतात, तिथंच घोडं अडतं. वाटलेलं पुस्तक माणूस हातात घेतो, फोटो काढतो आणि ठेवून देतो. मागून नेलेलं निदान उघडतो तरी. त्या कोपऱ्यातल्या कपाटात भेट आलेले कवितासंग्रह आहेत. कुठलाही काढा आणि शेवटच्या पानावरची तारखांची चिठ्ठी बघा.

(सरांनी खरंच उठून चार-पाच पुस्तकं काढली. एका चिठ्ठीवर एक शिक्का होता, बाकीच्या कोऱ्या.)

बाई : तो शिक्का कवीच्या मेहुण्याचा. मला आठवतंय.

सर : कविता थोडेच लोक वाचतात, यात नवीन ते काय?

बाई : थोडे वाचतात, कबूल. पण बहिणाबाईंच्या आमच्या प्रतीचं बाइंडिंग दोनदा करावं लागलं. म्हणजे गावाला कवितेचं वावडं नाही.

सर : बहिणाबाईंवर मी येणारच आहे. आधी माझं ऐका. तुम्ही पुस्तकांच्या चिठ्ठ्या बघताय, मी माणसं बघतो. आमच्या गटात एक ताई आहेत, बारा किलोमीटरवरून येतात. त्या कविता लिहितात हे त्यांच्या घरात कुणाला ठाऊक नाही, वही पिठाच्या डब्यामागं असते. महिन्यातून एक दिवस कुणीतरी कान देऊन त्यांच्या ओळी ऐकतं. एसटीतले एक कंडक्टर आहेत, स्टँडवर गाडी उभी असताना लिहितात. यांना काय सांगायचं, आधी वाचक मिळवा आणि मग या? लिहिणाऱ्याला पहिला वाचक लिहिणाराच भेटतो. मराठीत हे पूर्वापार चालत आलंय. रविकिरण मंडळ काय होतं? १९२३ साली पुण्यात मोजकी मंडळी जमायला लागली, माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई. रविवारी चहाला बसायचे आणि एकमेकांना कविता वाचून दाखवायचे. 'किरण' हा संग्रहही त्यांनी एकत्रच काढला. त्यांनी केलं ते मंडळ, आम्ही केलं की पोरखेळ?

बाई : चहाला माझी ना नाही. पण त्या बैठकीत माधव जूलियन होते, हे विसरू नका. पुढं 'छंदोरचना' लिहिणारा माणूस समोर बसलाय आणि कुणाचं वृत्त लंगडतंय, ते त्यांनी चहाबरोबर गिळलं असेल असं वाटतं तुम्हांला? आणि मुख्य म्हणजे ही मंडळी चहा पिऊन घरी गेली नाहीत. यशवंत काय, गिरीश काय, कविता गाऊन दाखवत हिंडले. शाळा, कॉलेजं, संमेलनं. कविता मासिकातून उचलून सभेत नेली त्यांनी, आणि ज्यांना कवितेची एक ओळ लिहायची नव्हती अशा माणसांच्या तोंडी ती बसली. इतकी, की १९२५ साली अत्र्यांनी 'झेंडूची फुले' काढली तेव्हा लोक पोट धरून हसले. विडंबनाला हसू यायचं तर मूळ कविता कानावरून गेलेली असावी लागते. तुमच्या गटाची कुणी टवाळी केलीय का अजून?

सर : घरचे करतात.

बाई : घरचे धरत नाहीत.

इथं मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, अत्र्यांची टवाळी हाही अभिप्रायच होता, आणि तो मंडळातल्या चहाच्या टेबलावर मिळणं शक्य नव्हतं. सरांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी पुन्हा अर्जात डोकं घातलं.

बाई : मी माडीवर दोन-तीनदा येऊन बसलेय सर. कविता संपली की शब्द ठरलेले. 'अप्रतिम.' 'निःशब्द केलंत.' 'काळजाला हात घातला.' जरा जास्त वाचलेला असला तर 'आश्वासक'. पहिल्या कडव्यात रणरणतं ऊन आणि तिसऱ्यात धो-धो पाऊस, तो आला कुठून, हे कुणी विचारलं नाही. कसं विचारतील? पुढचा नंबर त्यांचाच असतो. लग्नातल्या आहेरासारखं झालंय ते. त्यांनी आपल्याकडे एकशे एक केले, आपणही एकशे एकच करायचे. आणि आपली कविता वाचून झाली की अर्ध्या लोकांना एसटी गाठायची असते.

सर : आहेरावर संसार उभे राहिलेत बाई. पहिल्याच कवितेला ठोकलं तर माणूस दुसरी घेऊन येत नाही. मी वर्गात रोज बघतो. निबंधावर लाल शाईचा सडा पडला की पोरगं गाइडातून उतरवायला लागतं.

बाई : पोरांना नका ठोकू. पण पन्नाशीच्या माणसाला?

सर : पन्नाशीचा माणूस जास्त हळवा असतो.

बाई : असेल. पण मराठीतले चांगले लेखक घडले ते हळवेपणा जपून नाही घडले. 'सत्यकथा'कडे कथा पाठवली की श्री. पु. भागवत, राम पटवर्धन ती परत पाठवायचे, आणि सोबत पत्र असायचं. इथं सैल झालंय, शेवट ओढून आणलाय, पुन्हा लिहून बघा. पटवर्धनांना त्या लेखकाकडून बदल्यात काय हवं होतं? एक चांगली कथा, बस्स. जीएंचं घ्या. धारवाडला राहिले, सभासंमेलनांपासून लांब. पण पत्रं किती लिहिली! निवडकच छापली तरी चार खंड झाले. सुनीताबाईंनी त्यांना लिहिलेली पत्रं 'प्रिय जी. ए.'मध्ये आहेत. वाचा एकदा. मनापासून दाद आहे, आणि जिथं पटलं नाही तिथं तसं सरळ लिहिलंय. याला मी अभिप्राय म्हणते.

सर : 'सत्यकथा'चं नाव काढलंत तर तिची दुसरी बाजूही घ्या. परत आलेल्या कथांपैकी किती पुन्हा लिहिल्या गेल्या आणि किती लेखक कायमचे गप्प झाले, याची नोंद कुठल्या खंडात आहे? त्या दारातून आत जायचं तर भाषेला एक ठरावीक घाट लागतो, असं बाहेरच्या तरुणांना वाटत होतं. उगाच नाही राजा ढाल्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी १९६९ साली 'सत्यकथा'च्या अंकाची होळी केली. त्या दाराबाहेरच्यांनी मग काय केलं? आम्ही करतो तेच. आपले आपण जमले. पन्नासच्या दशकातलं 'शब्द', १९६३ चं 'असो', आणि पुढं एकामागून एक निघालेली लघुनियतकालिकं, कितीतरी सायक्लोस्टाइल केलेली. वाचत कोण होतं? लिहिणारेच. चित्रे, कोलटकर, शहाणे, नेमाडे, ढाले. तुमच्या तारखांच्या चिठ्ठीच्या हिशोबानं ते अंक शून्य किमतीचे. आज एम.ए.ला तेच शिकवतात.

बाई : ते एकमेकांना 'अप्रतिम' म्हणत होते का हो?

सर : छे! भांडायचे.

बाई : हं.

सर : भांडण म्हणजे जिव्हाळाच की एक प्रकारचा. तुम्ही शब्दात पकडू नका.

बाई : पकडत नाही. उलट तुमचं निम्मं मान्य करते, त्या अंकांना वाचक नव्हता आणि तरी ते निघायला हवे होते. पण त्या वाऱ्याची झुळूक आमच्या काउंटरपर्यंत आली कशी ते मी बघितलंय. 'बलुतं' १९७८ साली ग्रंथालीनं काढलं, दोन वर्षांनी 'उपरा'. दिनकर गांगल आणि त्यांच्या मित्रांनी १९७४ साली ग्रंथाली सुरू केली तीच मुळी वाचक चळवळ म्हणून. आधी वाचकांना सभासद करायचं, पुस्तक स्वस्तात द्यायचं, प्रदर्शनं घेऊन गावोगाव जायचं. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. 'बलुतं' नेणाऱ्यांतल्या बहुतेकांनी 'कोंडवाडा' वाचलेला नव्हता, दया पवार कवी आहेत हे त्यांच्या गावीही नव्हतं. गिरणीतून निवृत्त झालेले, तलाठी ऑफिसातले, दोन शिक्षिका. पवारांशी कुणाला ओळख काढायची नव्हती. एकानं पुस्तक चिडून टेबलावर आपटलं, असलं ठेवता म्हणून मला बोलला, आणि आठ दिवसांनी मुलासाठी तेच पुन्हा घेऊन गेला. असा वाचक तुमच्या माडीवर येऊ शकतो का? तिथं पाऊल टाकायचं तर खिशात कविता लागते.

सर : बरं. आता बहिणाबाई.

बाई : माझाच मुद्दा आहे तो. बहिणाबाई कुठल्या गटात होत्या? शेत, घर आणि जातं. कुणाला दाद देऊन दाद मिळवली नाही. १९५१ साली गेल्या, १९५२ साली संग्रह आला आणि अजून...

सर : थांबा थांबा, याचीच वाट बघत होतो. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. ओळी टिपून ठेवल्या कुणी? मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसबंधू पितांबर चौधरी. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी. त्यांनी वही नेली कुणाकडे? अत्र्यांकडे, म्हणजे झेंडूची फुले उधळणाऱ्या केशवकुमारांकडेच. पुस्तक निघालं ते अत्र्यांनी ऐकल्यावर. तेव्हा लिहिणाऱ्यांनीच लिहिणारीला ओळखलं बाई. कवींच्यात बसून सोपानदेवांचा कान तयार झाला नसता तर त्यांना ते आईचं नेहमीचं गुणगुणणं वाटलं असतं. किती घरांत तसं वाटलं असेल, कुणास ठाऊक. त्या बारा किलोमीटरवरच्या ताईंना सोपानदेव नाही. त्यांना आमचा गट आहे.

दिवसभरातला हा सरांचा सगळ्यांत भक्कम मुद्दा होता, आणि बाईंनाही तो लागला. त्यांनी चष्मा काढून पुसला. समोर एक मुलगा पुस्तक बदलायला आला होता, त्याचं कार्ड शोधून दिलं, शिक्का मारला. मग म्हणाल्या :

बाई : हे मान्य. माझ्या डोक्यात नव्हतं आलं. पण अत्र्यांनी ऐकल्यावर पुढं काय केलं? 'छान आहे' म्हणून वही मित्रांत फिरवत नाही ठेवली. छापायला लावली, प्रस्तावना लिहिली, लोकांपुढं आणली. आणि सोपानदेवांनी त्या संग्रहात आपल्या दहा कविता घुसडल्या नाहीत. बरं, मला सांगा, त्या ताई लिहितात कशा?

सर : गटात सगळ्यांत चांगल्या. माझ्यापेक्षा चांगल्या, खरं सांगायचं तर.

बाई : संग्रहात त्यांना पानं किती?

सर : तीन. सगळ्यांना तीन-तीन. पैसे सारखे, पानं सारखी.

बाई : मग तुम्ही सोपानदेव कसे झालात?

(यावर सर बराच वेळ बोलले नाहीत. बोलले तेव्हा आवाज चढलेला होता.)

सर : गट चालवणं म्हणजे काय असतं ते वाचनालयात बसून कळत नाही. एकाला सहा पानं दिली की दुसऱ्या दिवशी दहाजण बाहेर. दहाजण गेले की चहाची वर्गणी निघत नाही, मग संग्रह तर सोडाच. आणि त्या ताई काय एकट्या येणार माडीवर? माणसं जमतात म्हणून त्या येतात. त्या सुमार कविता आहेत ना, ज्यांना तुम्ही मनातल्या मनात हसता, त्यांच्या आधारावर ती एक चांगली कविता उभी आहे.

बाई : हे मला पटतं. पण मग त्या चाळीसजणांना संग्रह हवाय कशाला? वाचक मिळावा म्हणून, की एकमेकांची हजेरी लागावी म्हणून? हजेरीच लावायची असेल तर ग्रुप फोटो स्वस्त पडेल. वाचकाला तुमच्या गटातल्या मैत्रीशी देणंघेणं नाही. तो पुस्तक उघडतो, दोन पानं बघतो, आवडलं तर नेतो. चाळीसजणांची तीन-तीन पानं कोण वाचत बसेल? चाळीसजण. तेही आपापली तीन.

सर : मग तुम्हीच सांगा, करायचं काय? टीका करायला काय लागतं!

बाई : दिवाळी अंक येतायत. आपल्याकडे वर्षभर न फिरकणारी माणसं दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी भरून जातात. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणूस त्या महिन्यात हटकून काहीतरी वाचतोच. तेवढे दिवस आपल्या हातात असतात. त्या ताईंच्या दहा कवितांची सोळा पानी पुस्तिका करा. आता पन्नास-शंभर प्रतीसुद्धा छापून मिळतात, पाचशे कशाला? प्रस्तावना नको, शुभेच्छा नकोत, मलपृष्ठावर 'संवेदनशील कवयित्री' नको. अंक नेणाऱ्या प्रत्येक सभासदाच्या पिशवीत मी एक टाकते. परत आणायची अट. आत एक चिठ्ठी, त्यावर एकच प्रश्न : कुठल्या कवितेला कंटाळा आला?

सर : 'कुठली आवडली' असं विचारा की.

बाई : ते विचारलं तर सगळे 'सर्वच छान' लिहितील. आपल्या लोकांना कुणाचं मन मोडायला आवडत नाही. कंटाळ्याचं विचारलं तर नाइलाजानं वाचावं लागेल.

सर : आणि उरलेले एकोणचाळीस? त्यांनी काय बघत बसायचं?

बाई : त्यांनी या कविता लोकांना वाचून दाखवायच्या. शाळेत, महिला मंडळात, भिशीत. दुसऱ्याची कविता, आपली नव्हे. विंदा, बापट, पाडगावकर वर्षानुवर्षं गावोगाव कविता वाचत हिंडले ते उगाच नाही. तसा कार्यक्रम झाला की पुढचे काही दिवस कवितेच्या कपाटाला हात लागतो, हे कुठलाही ग्रंथपाल सांगेल. पुढच्या वर्षी दुसऱ्या कवीची पुस्तिका. ज्याची चांगली असेल त्याची. ज्याचा नंबर असेल त्याची नव्हे.

सर : येणार नाहीत लोक. दुसऱ्याची कविता वाचायला कवी सुट्टीचा दिवस घालवत नाही.

बाई : कोण येत नाही, ते तरी कळेल.

सर : एका वाचनालयानं असं किती होणार?

बाई : राज्यात सरकारमान्य वाचनालयं ११-१२ हजारांच्या घरात आहेत. १९६७ च्या कायद्यानं गावोगाव झालेलं हे जाळं आहे, काही मरणपंथाला लागलंय, काही धडधाकट आहे. पुण्या-मुंबईच्या समीक्षकाला टपालानं प्रत पाठवण्यापेक्षा शेजारच्या तालुक्याच्या ग्रंथपालाला जाऊन भेटा. तो समीक्षकापेक्षा मोकळा असतो.

सर उठले. जाताना म्हणाले, संग्रहाचे पैसे जमा झालेत, तो निघणारच, तीन-तीन पानंही बदलणार नाहीत. पण पुस्तिकेचं ताईंना विचारतो. बाई म्हणाल्या, घरी कळलं तर चालेल का तेही विचारा. हे आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

सध्या गोष्ट तिथंच आहे. संग्रह छापखान्यात आहे. ताईंनी अजून हो म्हटलेलं नाही.

माझा कौल बाईंना आहे. लिहिणाऱ्यांनी एकमेकांच्या आधारानं लिहावं, त्याशिवाय लिहिण्याचा धीर येत नाही, हे सरांचं म्हणणं मी खोडू शकत नाही, आणि गट मोडावा असं तर मुळीच म्हणणार नाही. पण दाद आणि परतदाद यांची देवघेव वाढत जाते तशी 'हे चांगलं, ते सुमार' म्हणायची सोय संपते, आणि तेवढी एकच गोष्ट बाहेरच्या माणसाला हवी असते. त्याच्याजवळ संध्याकाळचा एक तास असतो, त्यात चाळीसजणांना न्याय देणं त्याचं काम नाही. गटानं आपल्यातलं सगळ्यांत बरं काय ते न लाजता निवडावं आणि बाकीच्यांनी ते डोक्यावर घेऊन गावभर फिरवावं. चहाची वर्गणी भरणाऱ्यांना हे मान्य होणं कठीण आहे, सरांचं तेही खरं.

तुमच्या गावातही असा गट असेल. महाराष्ट्रात तो नसलेलं तालुक्याचं गाव मला ठाऊक नाही. तुम्ही कविता लिहीत नसाल तर पुढच्या बैठकीला जाऊन मागच्या खुर्चीवर बसा. तुमची काही वाचायची पाळी येणार नाही, म्हणून तुम्हांला खरं बोलता येईल. आवडलं तर का आवडलं ते सांगा, आणि कंटाळा आला तर कुठल्या कडव्याला आला तेही सांगून या.